माज्या पोटाची घ्या, डाक्टर!

मैत्रिणींनो, कम्प्युटर हाती लागल्या लागल्या पहिली मेल तुम्हालाच.

गेल्या वर्षी कॅन्सरमुळे माझा एक स्तन काढला, हे तुम्हाला माहीत आहेच. आज सकाळी वाशीला डॉक्टरांकडे गेले होते. पोटाची चरबी आणि कातडी घेऊन नवा स्तन करता येतो, म्हणाले. मग माझं पोट चिमटीत धरून बघितलं. "इथे तर काहीच नाही. थोडं वजन वाढवून या."

सोबत सासूबाई होत्या. जन्मभर करावेगावात मासळी विकलेली बाई, लाजणार थोडीच! पदर खोचून पुढे झाल्या. "डाक्टर, माज्या पोटाची घ्या. भरपूर हाय."

दुसऱ्याची चरबी अंगात टिकत नाही, असं डॉक्टरांनी त्यांना समजावलं. रिक्षात त्या तोंड फिरवून बसल्या. मला वाटलं, रागावल्या.

दुपारी माझ्यापुढे ताट आलं. कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी आणि भाकरीवर तूप. आमच्याकडे मासळीसोबत तूप कधी कोणी घेत नाही.

"खा गो. माजी चालत नाय ना? मंग तुजीच बनवू."

रडत रडत दोन भाकऱ्या संपवल्या. आता तुम्हीच सांगा, हे जे अंगावर चढेल, ते माझं म्हणायचं की त्यांचं?