पीडा म्हणजे नक्की काय

माझ्या टाकीतलं पाणी चहाच्या रंगाचं होतं, आणि ते तसंच असायला हवं होतं. निऑन टेट्रा म्हणजे बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळी-लाल रेघ. त्यांना जरा आंबूस पाणी मानवतं, म्हणून मी आवारातल्या बदामाची वाळलेली पानं धुऊन टाकीत सोडायचे. दर रविवारी नळीने चौथा हिस्सा पाणी काढायचं आणि आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं, क्लोरीन उडालेलं पाणी हळूहळू घालायचं. सगळं पाणी एकदम कधीच बदलायचं नाही. दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर जे जिवाणू वाढतात, तेच माशांची घाण पचवतात. ते धुऊन गेले की पाणी काचेसारखं दिसतं आणि मासे मरतात.

मुलुंडच्या फ्लॅटमध्ये आम्ही आणि काका-काकू एकत्र राहतो. काका बाबांचे मोठे भाऊ, सोसायटीचे सेक्रेटरी. बाबा त्यांच्यापुढे बोलत नाहीत. मी कुणापुढेच फारसं बोलत नाही.

ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी मी पुण्याला गेले होते. परत आले तर टाकी लखलखत होती. पानं नव्हती, लाकूड नव्हतं, दगड साबणाने घासलेले. आत आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा.

"माझे मासे?" मी विचारलं.

"गटार करून ठेवलं होतंस," काका मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले. "टाकी घासली, नळाचं ताजं पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत गेले सगळे. घरावरची पीडा घेऊन गेले. आता वास्तूप्रमाणे आणलेत, आठ अधिक एक. पीडा म्हणजे कळतं ना गं? की इंग्लिशमध्ये सांगू?"

"टाकले कुठे?"

"कुठे म्हणजे? फ्लश केले."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जाऊ दे ना, मासेच ते." मला रडू आलं नाही. मला काकांची मान खाली गेलेली बघायची होती, आणि तीही चार लोकांत.

गोल्डफिशशी माझं भांडण नव्हतं. पण हे मासे वीतभर वाढतात आणि घाणही तेवढीच करतात. दोन फुटी टाकीत एकसुद्धा जास्तच, इथे तर नऊ. थोडे परत देऊ या म्हटलं, तर काका म्हणाले की आकडा मोडायचा नसतो. पाणी बदलायला घेतलं, तर म्हणाले, असं उपसून टाकू नये, लक्ष्मी जाते. ते फिरायला गेले की मी एखादी बादली बदलायचे. तेवढ्याने काय होणार? अधूनमधून एखादा मासा उलटा तरंगायचा. काका दारात येईल त्याला अभिमानाने सांगायचे, "गेली आणखी एक पीडा," आणि नवीन मासा आणायचे.

मी ऐकत होते.

इमारतीच्या रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू होती. काका कुठल्या बिल्डरच्या बाजूने आहेत यावर जिन्यात कुजबुज असायची. एका रविवारी कमिटीची मीटिंग आमच्या हॉलमध्ये भरली. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी टाकीकडे बघत होत्या. त्यांच्या जिभेला सगळी सोसायटी घाबरते.

"अहो सेक्रेटरी, तुमचा मासा गेला."

"जाऊ द्या आजी. घरावरची पीडा घेतली त्याने."

मला हवं ते वाक्य मी बाथरूममध्ये कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं. मी आजींपुढे ट्रे धरला.

"काका, पीडा म्हणजे नक्की काय हो?"

काका खूश झाले. "बघा. हे आमचं इंग्लिश मीडियम."

"नाही, गणपतीपासून हा सहावा ना. म्हणून विचारलं."

आजींनी कप बशीत ठेवला. "पीडा म्हणजे बाळा, कुणाला फसवलं की त्याचा तळतळाट लागतो ना, ती. सहावा म्हणालीस?"

"हो. मागच्या मीटिंगच्या दिवशीचा धरून."

"मग घाई करायला हवी," सोफ्यावरून कुणीतरी म्हणालं. "बिल्डर ठरेपर्यंत मासे पुरले पाहिजेत."

सगळे हसले. काकाही हसले, पण जरा उशिरा. त्यांचे कान लाल झाले होते. मी बिस्किटं फिरवली.

काकांनी कुणाला फसवलेलं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. त्या दिवशी ते सांगण्याची मला गरज वाटली नाही. पुढे गेटवर, पार्किंगमध्ये, वॉचमनच्या खुर्चीपाशी, जो तो विचारायला लागला, "काय सेक्रेटरी, आज टळली का पीडा?" काकांनी नवीन मासे आणणं बंद केलं. मेलेला मासा कुणी बघायच्या आत ते स्वतः पेपरात गुंडाळून खाली नेऊ लागले. आणि एका संध्याकाळी टीव्हीकडे बघत म्हणाले, "तुझी टाकी आहे, तूच बघ तिचं काय ते."

उरलेले गोल्डफिश मी कांजूरमार्गच्या मैत्रिणीच्या सोसायटीतल्या कमळाच्या हौदात सोडून आले. मग टाकी बरेच आठवडे माशांशिवाय ठेवली. रोज चिमूटभर खाणं तेवढं टाकायचे.

"रिकाम्या टाकीला काय भरवतेस?" काकांनी विचारलं.

"जिवाणूंना," मी म्हटलं. पाणी तयार झाल्यावर टेट्रा आणले, एकदम नाही, थोडे थोडे करून.

आई म्हणाली, "झालं ना तुझ्या मनासारखं? आता सांग की सगळ्यांना, मस्करी होती म्हणून. निवडणूक आलीय सोसायटीची, या वेळी उभेसुद्धा राहायचं नाही म्हणतायत काका."

बघते म्हटलं.

परवा लिफ्टमध्ये काका, मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी असे तिघंच होतो. आजींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, "काय हो, हल्ली पीडा कशी आहे?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या एका वाक्याने काम झालं असतं. मी मजल्यांचे आकडे बघत राहिले.