नेमलेला चालक

आमच्या कंपनीत गाडीची योजना आली तेव्हा पहिले आठ दिवस मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अशा योजना येतच असतात. एकदा व्यायामशाळेची आली होती, एकदा निम्म्या किमतीत चष्म्याची. मी अकोल्यात एका खासगी बियाणे कंपनीत आहे, काम शेतावरच्या चाचण्यांचं, आणि आमच्याकडे माणसं रोपांवर जितकं बोलतात त्याच्या दुप्पट योजनांवर बोलतात. डब्याच्या टेबलावर रोज तोच विषय निघायला लागला, तेव्हा नाइलाजाने मी ते पत्रक वाचलं.

योजना अशी होती. भाड्याने गाड्या देणारी एक कंपनी नवी कोरी गाडी स्वतःच्या नावावर घेणार आणि चार वर्षांसाठी आम्हाला वापरायला देणार. भाडं पगारातून परस्पर कापलं जाणार, तेही आयकराच्या आधी, म्हणजे कर कमी बसणार. विमा, सर्व्हिसिंग, टायर सगळं त्यांच्याकडे. चार वर्षांनी गाडी परत करायची, नाहीतर ठरलेल्या किमतीत विकत घ्यायची. मधेच नोकरी सोडली तर भुर्दंड. टेबलावरचे अर्धे लोक म्हणत, अहो फुकट पडते, घेऊन टाका. उरलेले म्हणत, चार वर्षं पैसे भरा आणि शेवटी हात हलवत घरी या. आकडेमोड दोन्हीकडच्या कुणीच केली नव्हती.

मी केली. माझा स्वभावच तसा आहे. ड्रेस घेतानाही मी आधी आतली शिवण उलटी करून पाहते, आणि दुकानदार वैतागतो. परवडत होतं. गरजही होती, कारण चाचण्यांच्या शेतांवर जायला ऑफिसची एक गाडी चौघांत, आणि माझी पाळी नेमकी तिसरी. नवऱ्याची हरकत नव्हती. तो कॉलेजात शिकवतो, जठारपेठेतल्या आमच्या घरापासून कॉलेज सायकलच्या अंतरावर, आणि मोटार चालवायला तो शिकलेलाच नाही.

पण ही सगळी दाखवायची कारणं झाली. खरं कारण बाबा होते.

बाबांनी अमरावतीत एका सरकारी खात्याची जीप बत्तीस वर्षं चालवली. साहेब बदलत गेले, जीपही तीनदा बदलली, बाबा तेच. रात्री जीप आमच्या क्वार्टरसमोर उभी असायची आणि तिला हात लावायची आम्हाला बंदी होती. मी सहा-सात वर्षांची असताना एकदा तिच्या पायरीवर बसून बोरं खाल्ली. बाबा रागावले नाहीत. त्यांनी ओलं फडकं आणून माझ्या हातात दिलं आणि पायरी पुसून घेतली. जीप सरकारची आहे, आपली नाही, एवढंच म्हणाले. आपली म्हणावी अशी गाडी घरात आलीच नाही. आम्हा दोघी बहिणींच्या शिक्षणात स्कूटरच्या पुढे मजल गेली नाही.

निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत त्यांच्या हातात स्टिअरिंग आलं नाही. तरी गेल्या वर्षी ते डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन, रांगेत उभं राहून लायसन्स नवं करून घेऊन आले. आई म्हणाली, कशाले पाह्यजे ते? बाबांनी ते खिशात ठेवून दिलं. पण त्याच तपासणीत डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय असं निघालं. पुढच्या खेपेला लायसन्स मिळेलच असं नाही. तेवढ्यात एकदा घरची नवी गाडी त्यांच्या हातात द्यायची, एवढी एकच गोष्ट मला त्या योजनेतून हवी होती.

रविवारी अमरावतीला गेले आणि नियमांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. पौर्णिमा होती, आई विहारात जाऊन आली होती आणि खिरीचं भांडं घेऊन आमच्यात बसली. बाबांनी चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून वाचला. मला वाटलं होतं, गाडी आपल्या नावावर नाही म्हणून त्यांना खटकेल.

"नाव कोणाचंबी राहू दे," ते म्हणाले. "जीप का माया नावाची होती? इंजिनले नाव वाचता येत नाही."

मग त्यांनी विचारलं, टायर किती किलोमीटरवर बदलून देतात, बंद पडली तर उचलायला कोण येतं, ऑइल कोणतं टाकतात. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या पानावर ते थांबले. तिथे लिहिलं होतं की गाडी कर्मचारी, त्याची पत्नी किंवा पती, अथवा नेमलेला चालक यांनीच चालवावी.

"म्हंजे बापाले चालवता येत नाही?" आई म्हणाली.

"नेमलेला चालक म्हणून नाव देता येते," मी म्हटलं. मी हे आधीच पाहून ठेवलं होतं आणि ते कसं सांगावं याचा विचार बसमध्ये दोन तास केला होता.

"बत्तीस वर्षं दुसऱ्याचे दरवाजे उघडले. आता पोरीचा उघडतीन का?" आईने भांडं खाली ठेवलं.

बाबा मात्र हसले. "उघडीन ना. चालक लिही. चालकच होतो मी." आणि लगेच, "गाडी पाहाले कधी यायचं?"

पुढच्या शनिवारी ऑफिसच्या आवारात चार-पाच मॉडेलं येणार होती. ज्याला हवी त्याने चालवून पाहायची आणि तिथेच मांडलेल्या टेबलावर अर्ज भरून टाकायचा. मी बाबांना दहाला या म्हटलं होतं. ते साडेनऊलाच बस स्टँडवरून थेट ऑफिसला पोहोचले. मी पहिल्या मजल्यावर फोनवर होते. खिडकीतून खाली पाहिलं तर बाबा फाटकातून आत येत होते, पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायात पॉलिश केलेले काळे बूट. खात्याचा गणवेश. पँट कमरेत सैल करून घेतलेली दिसत होती. गाडी चालवायची म्हणजे ड्युटी, आणि ड्युटीला कपडे हेच, असा त्यांचा साधा हिशोब होता. बत्तीस वर्षांत दुसऱ्या कपड्यांत त्यांनी स्टिअरिंग धरलंच नव्हतं.

खाली आमचे विभागप्रमुख स्वतःची गाडी लावायला जागा शोधत होते. पांढऱ्या कपड्यांतला माणूस पाहून त्यांनी काच खाली केली, काहीतरी बोलले आणि उतरून किल्ली बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती घेतली. दोन नव्या गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्यांनी ती गाडी उलटी, एका दमात बसवली, उतरून चाकं सरळ आहेत का पाहिलं आणि किल्ली परत नेऊन दिली. साहेबांनी मान हलवली आणि ते जिन्याकडे आले. मी तोवर जिन्यात पोहोचले होते. ते म्हणाले, "शोरूमवाल्यांनी ड्रायव्हर मात्र चांगला आणला हो."

मी म्हणाले, "हो सर."

दोनच शब्द. ते वर गेले आणि मी खाली उतरले.

बाबांना मी पसंत केलेली गाडी दाखवली. त्यांनी आधी तिच्याभोवती फेरी मारली, वाकून खालून पाहिलं, बॉनेट उघडायला लावलं. शोरूमचा माणूस पुढे डाव्या सीटवर बसला. मी उभीच होते. बाबांनी मागचा दरवाजा उघडून धरला. सवय असेल, किंवा पुढे जागा उरली नव्हती म्हणूनही असेल. माझे दोन सहकारी बघत होते. मी मागे बसले.

गाडी सुरू करण्याआधी बाबांनी आतला आरसा हाताने थोडा वळवला. ते काय करताहेत हे मला कळलं, कारण ते त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. साहेबाच्या गाडीत आतला आरसा असा लावायचा की मागचा रस्ता दिसेल पण मागे बसलेल्या माणसाचा चेहरा दिसणार नाही. साहेब झोपेल, कुणाशी वाईट बोलेल, कधी रडेलही. ड्रायव्हरने ते पाहायचं नसतं. आज त्यांनी आरसा तसाच लावला, आणि जिन्यातल्या त्या दोन शब्दांनंतर मला तो तसा लावलेला फार बरा वाटला. हे लिहिताना वाईट वाटतं, पण तेव्हा बरं वाटलं.

अमरावती रोडला लागल्यावर बाबा खुलले. शोरूमचा माणूस पडद्याबद्दल आणि कॅमेऱ्याबद्दल सांगत होता, ते त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांचं लक्ष सगळं पायांत होतं. "क्लच लोण्यावानी हाय," ते म्हणाले. पुढे कपाशीचा एक ट्रॅक्टर चालला होता. त्याच्या मागे ते घाई न करता राहिले, मग एकदम गाडी बाहेर काढून पुढे गेले, हॉर्न न वाजवता. मागून मला त्यांचा खांदा आणि एक कान दिसत होता. ते काहीतरी गुणगुणत होते. जीपमध्ये ते गुणगुणत असतील तर ते फक्त त्यांच्या साहेबांना माहीत. मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. मनात म्हटलं, घ्यायची. भुर्दंड, चार वर्षं, काय व्हायचं ते होवो.

परत आलो. टेबलावर पगार विभागातली माझी मैत्रीण अर्ज भरून घेत होती. बाबा गाडीजवळच थांबले, काचेवरचे डाग पुसत. मी त्यांच्या लायसन्सची प्रत दिली. तिने नाव वाचलं, आडनाव वाचलं (लग्नानंतरही मी माहेरचंच लावते), आणि आवाज खाली केला.

"वडील आहेत का, मॅडम?"

"हो."

"मग असं करा, नातं लिहू नका. नेमलेला चालक नातेवाईक चालत नाही त्यांना. आडनाव एकच असलं तर काही होत नाही, एका आडनावाची गावात शंभर घरं असतात. हे फक्त सही करा. सगळे हेच करतात." आणि तिने एक वेगळा कागद पुढे सरकवला.

त्यावर छापलेलं होतं: वर नमूद केलेला चालक माझा नातेवाईक नाही. खाली सहीची जागा.

पेन माझ्या हातात होतं. मैत्रिणीची काही चूक नव्हती, ती मला मदत करत होती. सही केली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं आणि पुढच्या महिन्यात गाडी दारात आली असती. बाबांनी तिच्यात आठवड्याला अकोला-अमरावती केलं असतं. एरवी असल्या कागदावर मीही सही करून मोकळी होते. पण अर्ध्या तासापूर्वी हेच वाक्य मी जिन्यात तोंडी बोलून आले होते, आणि आता तेच माझ्याकडून लेखी मागितलं जात होतं. माझ्याने होईना.

"नको," मी म्हटलं. "राहू दे माझा अर्ज."

तेवढ्यात विभागप्रमुख खाली आले. मी त्यांना थांबवलं. "सर, हे माझे वडील. मघाशी मी सांगायला हवं होतं." साहेब खरंच गडबडले, किल्लीचा हात खिशात घालून उभे राहिले. बाबा म्हणाले, "काही नाही साहेब. तुमची गाडी आडवी होती, लावून देली." आणि पुन्हा काचेकडे वळले.

बस स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. फलाटावर बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "काहून नाही घेतली? चांगली होती गाडी."

मी कागदाचं सांगितलं, त्यावरचं वाक्य सांगितलं. ते ऐकून त्यांना हायसं वाटेल अशी माझी समजूत होती. पोरीने बापासाठी गाडी सोडली, असं काहीतरी. मला खरं तर थोडं कौतुक हवं होतं. पण ते चिडले.

"बस? एवढ्यासाठी सोडली? लिहून द्याचं होतं. मी तिथंच उभा होतो, मले विचारलं असतं तं मीच म्हणलो असतो, कर सही."

"बाबा, तुमी माझे कोणी नाही असं लिहू मी?"

"तं काय झालं?" ते म्हणाले, अगदी क्लचबद्दल बोलले होते त्याच आवाजात. "अकरावीच्या फॉर्मवर बापाचा धंदा तू शेती लिहिला होता. वलगावले आपली शेती हाय म्हणून सांगतलं होतं तू त्या कॉलेजात. फॉर्म मीच नेऊन देल्ला ना, जीपमंदी साहेब बसले होते, चौकातल्या लाल दिव्यापाशी थांबलो तवा वाचला मी तो. तवा म्हणलं का मी काही?"

मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. वलगावला आमची एक गुंठाही शेती कधी नव्हती. आजोबा तिथे दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करत. मला वाटत होतं की ते खोटं फक्त मला माहीत आहे, आणि वीस-बावीस वर्षांत ते कुठेतरी गळून गेलं आहे. बाबांनी ते सगळी वर्षं जवळ ठेवलं होतं आणि मला कधी दिसू दिलं नव्हतं. मला लाज वाटली, इतकी की बाकावरून उठून जावंसं वाटलं.

"बाबा, चुकलं माझं," मी म्हणाले.

"लहान होती तू," ते म्हणाले.

"मघाशी जिन्यात नव्हते मी लहान."

जिन्यातलं त्यांनी ऐकलं नसावं, कारण ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी तेही सांगितलं, साहेब काय म्हणाले आणि मी काय म्हणाले ते. ते सांगेपर्यंत अमरावतीची बस फलाटाला लागली होती. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला लागले. बाबा उठले, पँटची इस्त्री हाताने सरळ केली आणि दारापर्यंत जाऊन वळले.

"चांगला ड्रायव्हर म्हणले ना साहेब?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मंग ते मले पयले सांगाचं," ते म्हणाले आणि बसमध्ये चढले.