साखरेच्या कोठाराचं कुलूप

संग्रहालयात तिला सगळे कुलूपबाई म्हणायचे आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. एक हजार एकशे चाळीस कुलपं, त्यांच्या असतील-नसतील त्या किल्ल्या आणि तिच्या आधीच्या अभिरक्षकांनी सुबक अक्षरात लिहून ठेवलेलं एक जाडजूड रजिस्टर, एवढा तिचा संसार. त्यात अठ्ठावीस वर्षं कधी सरली ते कळलंही नाही.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना सगळा संग्रह कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं. तळघरातल्या खोलीत टेबल आलं, त्यावर करडा कागद, दोन दिवे, कॅमेरा आणि वजनकाटा. फोटो काढायला जो माणूस नेमला, त्याने जन्मभर लग्नांचेच फोटो काढले होते. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "ताई, कुलपं बरी. हसा म्हणावं लागत नाही."

दोघांचं चांगलं जमलं. ती कुलूप उचलायची, बुडाशी पांढऱ्या पट्टीवर शाईने लिहिलेला नंबर वाचायची, मोजायची, तोलायची आणि रजिस्टरातल्या नोंदीशी ताडून पाहायची. मग तो फोटो काढायचा. दिवसाकाठी बारा कुलपं झाली की ती खूश.

एका सकाळी चारशे सतराची पाळी आली. हे संग्रहालयाचं मानाचं कुलूप. मांजराच्या डोक्याएवढं, काळंकभिन्न, पाहूनच धडकी भरावी असं. वरच्या दालनात त्याच्या पेटीवर पाटी होती, 'तुरुंगाच्या दरवाजाचं कुलूप'. त्याच्यासमोर लोक आपोआप हळू आवाजात बोलत. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावरही तेच.

तिने ते वरून आणवून काट्यावर ठेवलं. दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम. रजिस्टरात लिहिलं होतं, नऊशे ऐंशी ग्रॅम.

"काटा बिघडला वाटतं," फोटोग्राफर म्हणाला.

काटा ठणठणीत होता. तिने लांबी मोजली, तीही जुळेना. मग तिने रजिस्टराची पानं उलटली. दोन किलो तीनशे चाळीस सापडलं चारशे एकाहत्तरसमोर. 'साखरेच्या कोठाराचं कुलूप. बेकरीवाल्याच्या बहिणीकडून भेट. किल्ली देण्यास बाईंनी नकार दिला.'

तिने कपाटातून चारशे एकाहत्तर काढलं. चपटं, साधं, कुणाच्या नजरेतही न भरणारं. काट्यावर ठेवलं, तर बरोब्बर नऊशे ऐंशी.

भिंग घेऊन तिने दोन्ही नंबर पाहिले. सातच्या अंगावर आडवी रेघ होती. असा सात संग्रहालयात एकच माणूस काढायचा. कामाच्या जुन्या डायरीत तिच्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं, 'पुसट झालेले नंबर आज पुन्हा लिहिले, ४०१ ते ४८०.' नोकरीचं दुसरं वर्ष, वरचं दालन मांडलं गेलं त्याच्या थोडं आधीचं. सतराचे एकाहत्तर आणि एकाहत्तरचे सतरा तिनेच केले होते.

सव्वीस वर्षं लोक साखरेच्या कुलपापुढे उसासे टाकत होते!

फोटोग्राफरने कॅमेरा खाली ठेवला. "ताई, दोन आकडे बदला आणि मोकळ्या व्हा. जुनं रजिस्टर उघडतंय कोण? कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"मी उघडलं ना," ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. तिने दोन्ही कुलपं कपाटात ठेवली आणि त्या दिवशी पुढचं एकही हातात घेतलं नाही.

घरी जेवताना तिचा चेहरा पाहून सासूबाईंनी विचारलंच, "काय गं, कुणी बोललं का?"

तिने सगळं सांगितलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला. "म्हणजे तू मला दाखवायला नेलं होतंस, तेच ते?"

"तेच."

"अगं, मी रडले होते त्याच्यापुढे! म्हटलं, आत किती जणांच्या आया... आणि आत साखर?" म्हातारी हसत सुटली. ठसका लागला, पाणी प्यायली, पुन्हा हसली. तिचा मुलगा, म्हणजे कुलूपबाईचा नवरा, आधी बायकोकडे बघत होता, मग त्यालाही आवरेना. शेवटी ती स्वतःच हसली.

डोळे पुसत सासूबाई म्हणाल्या, "पण उद्या सांगून टाक हो. मी रडले ते रडले, आणखी कुणाला कशाला रडवतेस?"

दुसऱ्या दिवशी ती दोन्ही कुलपं, रजिस्टर आणि डायरी घेऊन संचालकांच्या खोलीत गेली. संचालक तिच्याहून बारा वर्षांनी लहान. त्यांनी सगळं ऐकलं, दोन्ही कुलपं हातात तोलून पाहिली.

"मॅडम, मुखपृष्ठाचं काय करायचं?"

"ते माझ्या हातात नाही, सर. चूक माझी आहे, तसं मी लिहून देते."

ते बराच वेळ रजिस्टर वाचत राहिले. मग म्हणाले, "कैद्यांना एक किलोचं आणि साखरेला सव्वादोन किलोचं! बाईंनी किल्ली का दिली नाही ते आता कळलं." आणि तेही हसले. तिचा जीव भांड्यात पडला.

दोन्ही कुलपं शेजारीशेजारी ठेवायची असं ठरलं. पाटी तिनेच लिहिली. नंबरांची अदलाबदल कशी झाली, किती वर्षं टिकली आणि वजनावरून कशी सापडली, सगळं सरळ. कॉम्प्युटरवरच्या नोंदीतही तिने काही झाकलं नाही.

आता त्या पेटीपाशी लोक जास्त वेळ थांबतात. आधी मोठ्या कुलपाला हसतात. मग ते चपटं, साधं कुलूप पाहतात आणि गप्प होतात. एकदा एक बाई त्याच्याकडे बघत नवऱ्याला म्हणाली, "एवढंसंच पुरत होतं?" पाठीमागे उभ्या असलेल्या कुलूपबाईला वाटलं, सव्वीस वर्षांत या कुलपाकडे पहिल्यांदाच कुणीतरी नीट पाहिलं.

महिन्याभराने दुसऱ्या एका संग्रहालयातून पत्र आलं. तिची नोंद वाचून त्यांनीही आपली वजनं तपासली होती. तीन वस्तूंचे नंबर चुकलेले सापडले. ते पत्र तिने फोटोग्राफरला दोनदा वाचून दाखवलं.

"बघा, आपण एकटेच शहाणे नाही," तो म्हणाला.

तेव्हापासून तळघरात नवी रीत पडली. नंबर ती मोठ्याने वाचते, तो मोठ्याने परत म्हणतो, मगच पुसट नंबरावर नवी शाई चढते.

"सहाशे अठरा."

"सहाशे अठरा. ताई, जरा डावीकडे वळवा त्याला. हां, आता छान दिसतंय."