सबनीस सरांच्या लॅबची खरेदी

खरेदीच्या टेबलावर बसलेल्या बाईकडे किस्से आपोआप साठतात. केमिस्ट आपल्या कामात गढलेले, सामान देणारे आपल्या दुकानात, आणि दोघांना एकमेकांचं जे कळत नाही ते सगळं मधल्या टेबलावर येऊन पडतं. माझ्याकडे इतकं पडलंय की आमच्या भिशीच्या बायका चहा ओतायच्या आधीच म्हणतात, "वहिनी, लॅबचं काही सांगा ना."

तर सांगते. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. इंदूरच्या कापड मिल एकामागून एक बंद होत होत्या. आमच्या ह्यांच्या मिललाही कुलूप लागलं. घरात मुलं शाळेत, सासूबाई अंथरुणाला, आणि मी मॅट्रिक. ओळखीतून कळलं की गोळ्या-औषधं बनवणाऱ्या एका शेठजींनी कारखान्याच्या मागे छोटी रिसर्च लॅब काढली आहे आणि तिथे खरेदीला माणूस हवाय.

लॅबचे प्रमुख सबनीस सर. नवीन औषधासाठी लागणारं रसायन आधी चमचाभर बनवून बघायचं, हे त्यांचं काम. त्यांनी मला विचारलं, "सॉल्व्हंट म्हणजे काय, माहीत आहे?"

मी म्हटलं, "नाही सर. पण भाव करता येतो."

"ते मला येत नाही," सर म्हणाले. "उद्यापासून या."

आल्यावर कळलं की नोकरी मिळाली असली तरी ती टिकेलच असं नाही. शेठजींनी सरांना साफ सांगून ठेवलं होतं : दिवाळीपर्यंत बाहेरच्या एखाद्या मोठ्या कंपनीचं काम मिळालं तर लॅब चालेल, नाहीतर त्या खोल्यांत रिकाम्या बाटल्यांचं गोदाम होईल. एका घराच्या नशिबी दुसरं कुलूप नको रे बाबा, असं मी रोज निरांजन लावताना म्हणायचे.

•

रबरी नळ्या, बुचं, चिमटे असलं किरकोळ सामान आम्ही रामेश्वरजींकडून घ्यायचो. ते ह्यांच्याच मिलमध्ये स्टोअरकीपर होते. मिल बंद झाल्यावर त्यांनी छोटंसं दुकान टाकलं. पहिल्यांदा मी नळी मागितली तर त्यांनी हात पुढे केला. मी पैसे ठेवले. तरी हात पुढेच.

"पुरानी नली?"

मिलच्या स्टोअरचा नियम होता तो. जुनी फाटकी वस्तू जमा करा, मगच नवी मिळेल. मी समजावलं की रामेश्वरजी, आता हे तुमचं दुकान आहे आणि मी गिऱ्हाईक आहे. त्यांना पटलं. नळी दिली. मी निघाले तेव्हा मागून हळूच म्हणाले, "भाभीजी, अगली बार ले आना. आदत है, चैन नहीं पड़ता."

आमच्यासारख्या चिमुकल्या लॅबला कोणी विचारत नव्हतं, तेव्हा हा माणूस एका बुचासाठी सायकल मारत यायचा. मी प्रत्येक फाटकी नळी धुऊन, गुंडाळून त्यांना नेऊन दिली.

•

सुका बर्फ मुंबईहून बसने यायचा, थर्माकोलच्या डब्यात. एकदा भर उन्हाळ्यात बस वाटेत बंद पडली आणि डबा उशिरा पोचला. उघडला तर आत काही नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही!

पार्सल ऑफिसातल्या कारकुनाला, आमच्या इंदुरी बोलीत भियाला, मी बरंच सुनावलं. तो बिचारा शपथा घेत होता, सील दाखवत होता. शेवटी त्याने हमालांच्या पिशव्यासुद्धा उलट्या करून दाखवल्या. मी लॅबला फोन लावला. आमची केमिस्ट सुनीती म्हणाली, "अहो काकू, तो वितळत नाही. हवा होऊन उडून जातो."

मी त्याला तसं सांगून माफी मागितली. त्याने शांतपणे पावती पुढे ओढली आणि शेरा लिहिला : "माल अपने आप गया."

त्यानंतर आमचा डबा त्याने कधी उन्हात राहू दिला नाही. आला की आधी फोन करायचा, "दीदी, जल्दी आओ, उड़ रहा है."

•

परदेशी रसायन मागवलं की पूर्वी महिनोन्‌महिने वाट बघायची. शेठजींनी विचारलं, काम का अडलं, की सुनीती म्हणायची, बाटलीच आली नाही. शेठजी सरकारला दोन शब्द बोलून निघून जायचे. मग परदेशी मालाला देश खुला झाला. टाय लावलेले सेल्समन आपणहून माझ्या टेबलाशी यायला लागले. एकाला ऑर्डर दिली, तर आठवड्यात बाटली हजर.

मी उड्या मारतच ती सुनीतीकडे नेली. ती बाटलीकडे बघतच राहिली, मग स्टुलावर बसली.

"काकू, आता कारण काय सांगू?"

पण पोरगी जिद्दीची. त्याच बाटलीतून तिने ती पांढरी पूड बनवली, जिची सर वाट बघत होते.

•

मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने कळवलं, पूड शुद्ध असल्याचा बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट दाखवा, काम तुमचं. तपासणारी लॅब हैदराबादला. दिवाळी तोंडावर आलेली.

आता इंदूरचं माणूस बाहेरगावी पार्सल पाठवणार आणि त्यात शेव घालणार नाही, असं होतं का? मी तर प्रत्येक व्हेंडरला घालायचे. ते लोक आमच्या एवढ्याशा ऑर्डरसाठी धावपळ करत, त्याची काही जाण नको? फक्त मागच्या खेपेला शेवेच्या तेलाने आतले कागद डागाळले होते. म्हणून या वेळी मी लॅबच्याच एका कोऱ्या डबीत शेव भरली, चांगली दाबून दाबून, आणि पुडीच्या डबीशेजारी ठेवली. पार्सल ऑफिसात ते ह्यांनी स्वतः नेऊन दिलं. मिल बंद झाल्यापासून पहिल्यांदाच इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

रिपोर्ट आला तेव्हा शेठजी समोरच बसले होते. सरांनी पाकीट फोडलं आणि वरचा कागद वाचायला लागले.

"शुद्ध नाही. मिश्रण आहे. फॅट भरपूर."

शेठजी म्हणाले, "चलो साहब, आपने कोशिश तो की," आणि गोदामाचं माप घ्यायला माणूस पाठवतो म्हणून उठले. सुनीतीचे डोळे भरले. घरी जाऊन ह्यांना काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सर अजून वाचत होते. "रंग पिवळा. मीठ आढळले. तिखट पदार्थ आढळला."

"सर," सुनीती म्हणाली, "आपली पूड पांढरी आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे.

सरांनी खालचा कागद वर घेतला. नमुना क्रमांक एक : पांढरी पूड, शुद्ध, अगदी हवी तशी. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि शेठजींच्या हातात दिला. शेठजी परत खुर्चीवर बसले. लॅब तिथेच राहिली, मीही राहिले. माझ्या मुलांची कॉलेजं त्याच टेबलावरून झाली.

पण त्या दिवशी शेठजींनी आधीचा कागद पुन्हा उचलला. नमुना क्रमांक दोन. त्याच्या तळाशी तपासणाऱ्याने पेनने एक शेरा लिहिला होता. शेठजींनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला :

"हा नमुना तपासणीत पूर्णपणे संपला. निष्कर्षासाठी आणखी किमान एक किलो पाठवावा."