मैनाने विकत घेतलेली मुलं

शेगडी नुकती धरली होती. धाकटा दुधावरची साय बोटाने बाजूला सारत बसला होता, थोरला पाटी शोधत होता, आणि मधली वेणीसाठी माझ्याकडे पाठ करून उभी होती. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

दारात मैना होती. अंगावर मिशनच्या दवाखान्यातलं पांढरं लुगडं, पदरावर वाळलेलं रक्त. मी आत ये म्हणणार तोच ती मागे सरली. घटसर्पाच्या पोराजवळून आलेय, मला आत घेऊ नका, म्हणाली आणि अंगणाच्या पार कडेला जाऊन बसली.

मैना खाडीपलीकडच्या सारसोळ्याची कोळीण. स्वातंत्र्यानंतरची चारपाच वर्षं ती पनवेलात आमच्या आळीत मांदेली आणि बोंबील घेऊन यायची. भाव पाडून मागितला की म्हणायची, “एवढ्यात मासा नाय येनार बाई, वास घेऊन जा.” मग तिची लेक पुतळा घटसर्पाने आजारी पडली. ओहोटी लागली होती, होडी चिखलात रुतून बसली, आणि पनवेलबाहेरच्या मिशनमध्ये पोचेपर्यंत उशीर झाला. पुतळा गेली. नवरा, जानू, दुसऱ्या दिवशी परतला. मैना परतली नाही. शेजारच्या खाटेवर दुसरं एक पोर तडफडत होतं, त्याचे हात धरून ठेवायला कोणीतरी हवं होतं. तिने ते धरले, आणि मुलांच्या त्या खोलीत आया म्हणून राहिली ती राहिलीच.

दवाखाना इंगरबाईंचा. डेन्मार्कहून आलेली उंच, अबोल डॉक्टरीण. मराठी बेताचंच, पण जखम धुताना ‘झालं, झालं’ एवढं मात्र अगदी आपल्यासारखं म्हणायची.

ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे उरलेलं मूल मूठभर तांदळावर दुसऱ्याला विकायची आपल्याकडे रीत आहे. विकणं नावापुरतं, मूल आईपाशीच वाढतं. पण मालक दुसरा, त्याचा शब्द चालतो, आणि मरण दारात आलंच तर हे आमचं नव्हे असं आईला सांगता येतं. दवाखान्यातल्या बायका आपली मुलं मैनाला विकू लागल्या. हे इंगरबाईंच्या कानावर गेलं, तेव्हा त्या तिला दंडाला धरून थेट पोलीसपाटलाकडे घेऊन गेल्या. पाटील आधी पोटभर हसला, मग त्याने रीत समजावली. पुढे इंगरबाईंच्या औषधांच्या कपाटात, खालच्या खणात, तांदळाचा एक डबा दिसू लागला.

माझा धाकटा डांग्या खोकल्याने तिथे होता, तेव्हा तो डबा मी पाहिलाय. मी थट्टेने म्हटलं होतं, मैना, याला घेतेस का विकत? “तुमाला काय गरज,” ती म्हणाली होती, “तुमची सगली हायत.” आणि रात्र रात्र त्याला खांद्यावर घेऊन फिरली होती.

काही मुलं वाचायची. बरीचशी जायची, लोक आणायचेच उशिरा. मेलेलं मूल होडीत घ्यायला नावाडी तयार नसत. मग मैना त्याला धुवायची, जुन्या लुगड्यात गुंडाळायची आणि दवाखान्यामागच्या जागेत पुरायची. इंगरबाई उभ्या राहून आपल्या भाषेत प्रार्थना म्हणत. मैना मूठभर तांदूळ खड्ड्यात सोडायची. आईबापांनी हात जोडले तर म्हणायची, इकत घेतलाय नं, मंग माजाच तो.

आता अंगणात बसून ती काल रात्रीचं सांगत होती. तिची पुतणी चंदा आपल्या नामाला घेऊन आली. तीन वर्षांचा एकुलता मुलगा; आधीची दोन याच रोगाने गेलेली. इंगरबाईंनी गळ्याला छेद देऊन नळी बसवली. श्वास चालू झाला, पण नळीमुळे रडण्याचा आवाज फुटेना. नामाचं तोंड उघडायचं, डोळे वाहायचे, आणि आवाज नाही. चंदाला वाटलं, पोराचा आवाज काढून घेतला, आता जीवही जाणार. मैनाने तांदळाची मूठ पुढे केली, तर चंदाने ती उडवून लावली.

“काकी, तुजी इकत घेतलेली कुटं हायत? मागं जमिनीत. तुज्या हातात नाय देनार मी.”

मैनाने खाली बसून तांदूळ वेचले. “खोटं नाय बोलली ती,” एवढंच मला म्हणाली.

चंदा आज भरतीला नामाला होडीत घालून गावी देवऋष्याकडे नेणार होती. नळी तासातासाला साफ करावी लागते, नाहीतर तुंबते. होडीत ते कोण करणार? इंगरबाईंनी हात जोडून पाहिले, मैनाने पाय धरले. चंदा ऐकेना.

माझ्या हातातली वेणी अर्धीच राहिली होती. मैनाने उंबऱ्याशी जमलेल्या माझ्या तिन्ही मुलांकडे एकेक करून पाहिलं.

“बाई, तुमची तिनी जिती हायत,” ती म्हणाली. “तुमाला चंदा नाय म्हननार नाय. इकत घेनारा सांगंल तिथं पोर ऱ्हातं. मूठभर तांदूल घ्या नि चला. नामाला तुमी इकत घ्या.”