पुऱ्या दामाचा राक्षस

माझी नात हुमेरा राहाता गावात ब्लाऊज शिवती. वाकडी शिलाई गेली तर सगळं उसवून पुन्हा घालती. रविवारी ती चित्रांच्या पत्त्यांचा डाव खेळती. त्यात दर पत्त्याची किंमत जमिनीच्या पत्त्यांनी भरायची. मोठ्या राक्षसाचा पत्ता आठ जमिनींचा. बाकीचे त्याला टाकलेल्या पत्त्यांतून फुकटात उठवत्यात. सगळी किंमत भरून आनला तर खेळनारे त्याला 'पुऱ्या दामाचा' म्हनत्यात.

गेल्या रविवारी जो जिंकंल त्याला पुण्याच्या सामन्याला जायला मिळनार हुतं. शेवटच्या डावात हुमेरानं हातातला राक्षस खाली ठेवला.

समोरचा इम्रान म्हनाला, "हा सरळ हातातून येतच न्हाई. लबाडी हाय." त्यानं कदी कुनाला राक्षसाची पुरी किंमत भरताना बघितलंच नव्हतं.

माझं डोकं फिरलं. "व्हय रं, फुकटाचा चालतो, आन् भरून आनला की लबाडी?"

"नानी, तू गप." हुमेरानं आठ जमिनी त्याच्यापुढं सरकवल्या. "पुऱ्या दामाचा हाय. मोज."

त्यानं दोनदा मोजल्या आन् डाव सोडून, आपले पत्ते गोळा करून निघाला. पुण्याला हुमेरा जानार. पन चुकलो म्हनायला त्याच्या जिभेला काय फोड आला हुता?