ऊर बडवायला सोबत

आई श्रीगोंद्याकडच्या गावाहून संगमनेरला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या तक्रारी तिच्या आधी जिना चढून आल्या. गादी लई मऊ. नळाचं पाणी मचूळ. नाशिक-पुणे रस्त्यावरचे ट्रक डोळ्याला डोळा लागू देत नाहीत. मला कुठला दम निघतोय! गादी बदलली, फिल्टर बसवला, तिची खाट मागच्या खोलीत हलवली. एकेक तक्रार निकालात काढली की मला कसं गार वाटायचं.

आणि आई गप्प झाली. विचारलं की म्हणायची, समदं चांगलं हाय. महिनाभरात तिनं बोचकं बांधलं. गावी एकटीच राहणार म्हणे. मागच्या साली तिथंच ती गोठ्यात घसरून पडली होती.

त्याच दिवशी कॉलेजात 'कम्प्लेन' या शब्दाचं मूळ शिकवायचं होतं. शब्द लॅटिनमधून आलेला. मुळात अर्थ छाती पिटून शोक करणं. म्हणजे आपलं ऊर बडवणं, असं मी पोरांना सांगून टाकलं आणि खडू हातातच राहिला. अर्ज नाही, सुनावणी नाही, दुरुस्ती तर नाहीच नाही. ऊर बडवणाऱ्याला कुणी फिल्टर बसवून देतं का?

मला गावची डेअरी आठवली. सकाळी किटल्या घेऊन बाया रांगेत उभ्या असायच्या. एकीनं म्हणायचं, म्हशीच्या दुधाला फॅट लागंना. दुसरी तिला पेंड बदल म्हणून चुकूनही सांगायची नाही. ती म्हणायची, तुझी बरी गं, माझी तर लाथा मारती. मग तिसरी सुनेवर घसरायची. आई त्या रांगेतून घरी यायची ती अगदी टवटवीत होऊन.

संध्याकाळी घरी आले, तर आई बोचक्याशेजारी बसलेली. मी तिला थांब म्हणाले नाही. चपला काढल्या आणि सुरूच झाले: गुडघे ठणकतात, पोरं वर्गात मोबाईल बघतात, आणि हे मेलं पिशवीतलं दूध, त्याला साय म्हणून धरत नाही.

आई नुसती ऐकत होती. मग तिनं बोचकं पायानं खाटेखाली सारलं.

"तुझं काय घिऊन बसलीस," ती म्हणाली. "च्या टाक. आन् आदी माझं ऐक."